ठिपका

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या शेजारी एक खिळा आहे. त्या खिळ्याला दरवर्षी नवं कालनिर्णय लागतं. आमचं निम्मं घर त्या कॅलेंडरवर मांडलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, मुलीच्या चाचणी परीक्षा. आणि महिन्यातून एकदा, तारखेच्या चौकटीत अगदी खाली, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. तो माझ्या पाळीचा. त्याबद्दल घरात कधी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्या आईची खूण फुलीची होती. मावशी तारखेभोवती गोल करायची आणि कुणी विचारलंच तर भिशीची तारीख म्हणून सांगायची.

एकोणचाळिसाव्या वर्षी, डिसेंबरात, माझं ऑपरेशन झालं. दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट होत्या. एंडोमेट्रिओसिस हे त्या आजाराचं नाव. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर भलत्याच ठिकाणी वाढतं आणि दर पाळीला तिथेही रक्त साचतं. महिन्यातले चार दिवस मी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडलेली असायचे. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोनदा दुर्बिणीतून गाठी काढून झाल्या. शेवटी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढायचं ठरलं. निर्णय बरोबर होता. ते दुखणं पुन्हा आलं नाही. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या सगळ्या जणी एकच शब्द म्हणाल्या, "सुटलीस!" शहाळं घेऊन आलेली जाऊ म्हणाली, ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं. जानेवारीत नवं कॅलेंडर लागलं. त्यावर आता ठिपका पडायचा नव्हता.

हॉस्पिटलातून घरी सोडताना सांगितलं होतं, बादली उचलू नका, टाके भिजवू नका, दीड महिना स्कूटर नको. सहाव्या रात्री काय होईल ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर चांगली थंडी होती. मला एकदम जाग आली. छातीतून काहीतरी उसळलं आणि मानेवरून कानांपर्यंत चढत गेलं. कुकरचं झाकण काढताना तोंडावर वाफ येते ना, तशी, पण आतून. काळीज धडधडत होतं. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरलं. गाऊन पाठीला चिकटला होता आणि आता हुडहुडी भरली होती. मी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. शेजारी नवऱ्याने झोपेतच दुलई डोक्यावर ओढली. थर्मामीटर लावून पाहिलं, ताप नव्हता. पहाटेपर्यंत हे चार वेळा झालं.

मग दिवसही बदलले. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी विसरायला लागले. फ्रीज उघडून उभी राहायचे आणि काय घ्यायला आले ते आठवायचं नाही. सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असायचे. एकदा डब्यातली भेंडी जराशी करपली म्हणून मी मुलीसमोर हमसून हमसून रडले. ती घाबरली. मला वाटलं, आपलं मनच कच्चं झालंय. दोन महिने मी हे कुणापाशी बोलले नाही. सगळ्यांनी सुटलीस म्हटल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

शेवटी एका दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "नळाचं पाणी जाणार असलं तर आधी दाब कमी होतो, मग एक दिवसाआड येतं, आपण पिंप भरून ठेवतो. एरवी पाळी जाताना तसंच होतं, चार-पाच वर्षं चालतं. तुमचं पाणी एका दुपारी बंद झालं." आपल्याकडे पाळी जायचं सर्वसाधारण वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. माझी सात-आठ वर्षं आधी गेली, आणि तीही एका दिवसात. इस्ट्रोजेन अंडाशयांतून येतं. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा असते. इस्ट्रोजेन एकाएकी गेलं की ती जागा हळवी होते. अंगाची ऊब जराशी वाढली तरी तिला वाटतं शरीर तापलं, आणि ती घाम काढून ते निववायला धावते. एरवी पाळी गेल्यावरही अंडाशयं थोडंफार टेस्टोस्टेरॉन तयार करत राहतात. माझ्या बाबतीत तेही थांबलं होतं. अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटायचं, ते उगाच नव्हतं.

मग त्यांनी वही पुढे ओढली. "दिवसातून किती वेळा होतं?" मी म्हटलं, "पुष्कळदा." "रात्री किती वेळा उठता?" "उठते." "झोप किती तास?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना मोजून या. औषधाचं माप मला त्यावरून ठरवता येईल."

त्या संध्याकाळी मी कॅलेंडरशेजारची पेन्सिल हातात घेतली. रात्री आलेल्या प्रत्येक वाफेला एक ठिपका. झोप मोडून पुन्हा लागलीच नाही तर खाली एक रेघ. मनाला फार जड गेलेल्या दिवसाला तारखेच्या डोक्यावर छोटंसं टिंब. सकाळी चालून आले तर बरोबरची खूण. चहा उकळेपर्यंत होणारं काम, अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पण तीन आठवड्यांनी मी त्या पानासमोर उभी राहिले आणि बघतच राहिले. ज्या ज्या दिवशी मी रडले होते, चिडले होते, मुलीवर ओरडले होते, त्याच्या आदल्या रात्री चार-पाच ठिपके होते आणि खाली रेघ होती. एकही दिवस त्याला अपवाद नव्हता. म्हणजे मी वाईट आई झाले नव्हते. माझं मन कच्चं झालं नव्हतं. मी झोपलेच नव्हते. एवढी साधी गोष्ट कळायला मला तो कागद लागला. आणखीही काही दिसलं. रात्री नऊनंतर चहा झाला की ठिपके वाढत. रविवारी मिसळ झाली की हमखास. चालून आलेल्या दिवसाच्या रात्री रेघ क्वचित. हे प्रत्येकीचं वेगळं असेल. तुमचं तुमच्या कॅलेंडरवर उमटेल.

औषधाचं म्हणाल तर इथे मी घाबरले होते. "हार्मोन घेऊ नकोस, कॅन्सर होतो," असं मला तीन जणींनी सांगितलं, तिघींनीही मायेपोटी. ती भीती बरीचशी २००२ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पसरली आहे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि मी चाळिशीच्या अलीकडची. डॉक्टर म्हणाल्या, "शरीराला जे आणखी काही वर्षं मिळायचंच होतं, तेवढंच आपण परत देतोय." पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत ते घ्यावं, कारण अंडाशयं लवकर गेली आणि भरपाई झाली नाही तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मात्र हे सगळ्यांना चालत नाही. स्तनांचा कॅन्सर होऊन गेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर वाट वेगळी असते, आणि हार्मोन नसलेली औषधंही आहेत. गर्भाशय जागेवर असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही लागतं. माझा आजार एंडोमेट्रिओसिसचा, म्हणून माझ्या औषधाचा त्यांनी पुन्हा निराळा विचार केला. सांगायचं इतकंच की शेजारणीचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यावा. मी रोज सकाळी दंडाला जेल चोळते, ते वाळेपर्यंत बाही वर धरून पोह्यांना फोडणी देते. पहिल्या महिन्यात रात्रीचे पाच ठिपके तीनवर आले, मग दोनवर.

काही जणींना अंडाशयं काढायचा निर्णय दुखणं नसतानाच घ्यावा लागतो. घरात स्तनांचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर चालत आलेला असतो, रक्ताच्या तपासणीत बीआरसीए जनुकातला दोष सापडतो. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये अंडाशयं काढून घेतली तेव्हा तीही एकोणचाळीसचीच होती. तिची आई अंडाशयाच्याच कॅन्सरने छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. जोलीने नंतर वर्तमानपत्रात लेख लिहून आपल्याला रजोनिवृत्ती आल्याचं साध्या शब्दांत सांगितलं. तो लेख मला त्या दिवसांत फार जवळचा वाटला.

आमच्याकडे पोळ्या करायला एक ताई येतात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. सासर-माहेर दोन्ही बीड जिल्ह्यातलं. एक दिवस कणीक मळता मळता त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "एवढे ठिपके कशाचे हो वहिनी?" मी सांगितलं. त्यांचा हात परातीत थांबला. "मला तर बारा वर्सं झाली. रातच्याला अंगाची आग आग होती. म्या म्हणलं बीपी असंल." बत्तिसाव्या वर्षी त्यांची पिशवी काढली होती. पिशवी काढली म्हणजे नेमकं काय काय काढलं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हा फरक मोठा आहे. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं शाबूत असली तर आपलं काम करत राहतात. दोन्ही अंडाशयं गेली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. दुसऱ्या दिवशी ताई जुने कागद घेऊन आल्या. डिस्चार्ज कार्ड घड्यांवर फाटलं होतं, धुराने पिवळं पडलं होतं. त्यावर गर्भाशयाच्या पुढे लिहिलं होतं, दोन्ही बाजूंची अंडाशयं आणि नलिका. मी वाचून दाखवलं. त्या खूप वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

तेव्हा त्या ऊसतोडीला जायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. दिवाळीच्या आगेमागे निघायचं, गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचं. पाळीत किंवा तापात एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जायचे. पोट दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून डॉक्टरकडे गेलं की पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल, असं ऐकायला मिळायचं. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या कितीजणींची अंडाशयंही गेली असतील, कितीजणींच्या अंगाची रात्री आग होत असेल आणि हे काय होतंय ते सांगणारं कुणी नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कोपीच्या भिंती पाचटाच्या. तिथे खिळा कुठे ठोकायचा?

ताईंना मी सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. हाडांची तपासणी झाली. पाठीचं दुखणं पोळ्या लाटून आलेलं नव्हतं, हाडं खरोखरच विरविरीत झाली होती. आता औषध चालू आहे. त्यांना मी एक छोटं कॅलेंडर दिलं. त्या पेन्सिल वापरत नाहीत, तारखेवर हळदीचं बोट टेकवतात. महिन्याच्या शेवटी ते पिवळं पान घेऊन येतात आणि आम्ही दोघी मोजतो. त्यांच्या रजेचे पैसे आम्ही कधी कापले नव्हते, पण आमच्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढे मी खाडा असंच लिहायचे. तो शब्द मी आता दुधापुरताच ठेवला आहे. ताईंच्या दिवसापुढे सुट्टी लिहिते.

हाडांसाठी मीही हात राखत नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिळतं. म्हणजे एका भाकरीने सगळं भागत नाही, पण भाकरी, वाटीभर दही, कपभर दूध, वर तिळाची चटणी, असं जोडत गेलं की बरंच जमतं. उरलेल्याला गोळी आहे. ऑफिसात लिफ्ट आहे, मी जिन्याने जाते, कारण हाडांवर वजन पडलं की ती धरून राहतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती कॅलेंडरवर मांडता येत नाही. नवऱ्याजवळ जायची मला भीती वाटायला लागली होती. आत कोरडेपणा येतो, दुखतं, आणि मन तर आधीच मिटलेलं असतं. मी रोज काहीतरी कारण काढून स्वयंपाकघरात रेंगाळायचे. त्याला वाटलं, मी रागावले आहे. एका रात्री पंखा पाचवर होता, तो दुलईत गुरफटलेला होता, आणि मी अंधारात सगळं सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मीच कुठेतरी चुकलो." लावायचं क्रीम डॉक्टरांनी लिहून दिलं, त्याने फरक पडला. पण खरा फरक त्या रात्रीच पडला होता. त्याने स्वतःसाठी जाड कानटोपी आणली आहे आणि पंख्याबद्दल आता तो काही बोलत नाही.

सासूबाईंच्या त्या "सुटलीस"चं मला पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं. मग एकदा निवडणं करताना त्यांनी आपलं सांगितलं. त्यांची पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. त्यानंतर त्यांना लोणच्याच्या बरणीला हात लावता आला, देवघरात कधीही जाता आलं, आळंदीला जाताना तारखा मोजाव्या लागल्या नाहीत. त्यांच्या तोंडचा तो शब्द तिथून आला होता. तो त्यांनी मला आशीर्वादासारखा दिला होता. त्यांनाही रात्री घाम फुटायचा का, असं मी विचारलं. त्या शेंगा सोलत म्हणाल्या, "फुटायचा की. पण कुणाला सांगायचं असतं, हेच माहीत नव्हतं." त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. झोप सावध आहे. माझ्या कॅलेंडरबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर विचारलं नव्हतं.

परवा सकाळी चहा ठेवला, पेन्सिल घेतली आणि आदल्या रात्रीचे दोन ठिपके काढले. मागे सासूबाई चष्मा पुसत उभ्या होत्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "पहाटे चारला बेसिनचा नळ वाजला."

मी पेन्सिल पुन्हा उचलली.